संख्याशास्त्रज्ञ कै. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चरित्रलेख लिहायला घेतला म्हणजे तो एखाद्या कारखानदाराचा किंवा बँक काढणाऱ्याचा असणार, असे वाचकांनी धरून चालावे यात नवल नाही. मी मात्र या अंकासाठी ज्यांच्यावर लिहीत आहे ते कारखानदार नव्हते, व्यापारीही नव्हते. शेतात उभे असलेले पीक किती आणि माणसाच्या पोटाला अन्न किती लागते, या दोन गोष्टी मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून निघून ते लंडन, दिल्ली आणि रोमपर्यंत पोहोचले, आणि अखेरीस पुण्यास येऊन राहिले. त्यांचे नाव कै. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

हे नाव मला पाठ्यपुस्तकातून कळले नाही. माझा मामेभाऊ कलबुर्गीला शेतकीचे शिक्षण घेत होता. तुरीच्या वाणांवर त्याने लिहिलेला प्रबंध बांधणीला जाण्यापूर्वी त्यातील आकडे ताडून पाहण्याचे काम त्याने सुट्टीत माझ्या गळ्यात घातले. मी एका प्रतीतून आकडा वाचायचा आणि दादाने दुसऱ्या प्रतीत पाहायचा, असे दोन रात्री चालले. प्रबंध इंग्रजीत, शेतकऱ्यांच्या मुलाखतींची टिपणे कन्नडमध्ये, आणि मधेच एका ठिकाणी दोन अस्सल मराठी आडनावे आली : पानसे व सुखात्मे, १९५४. मी थबकलो. दादाला विचारले तर तो म्हणाला की, आमच्याकडे ज्याला शेतावरचे प्रयोग मांडायचे आहेत त्याला हे पुस्तक घ्यावेच लागते; पण हे दोघे कोण, कुठले, ते मला ठाऊक नाही. ज्यांचे नाव इतक्या प्रबंधांत छापले जाते त्यांच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नसावे, याची मला थोडी लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून आला आहे.

पांडुरंग सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. वडिलांचे नाव वासुदेव व आईचे सत्यभामा. शाळेसाठी ते पुण्यास आले आणि १९३२ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन पदवीधर झाले. १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्र शिकणाऱ्याला त्या वेळी याहून चांगली जागा जगात नव्हती. कार्ल पिअर्सन त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाचे दोन भाग करण्यात आले होते. एका भागात त्यांचे चिरंजीव इगॉन पिअर्सन आणि नंतर आलेले जेर्झी नेमन, तर दुसऱ्या भागात रोनाल्ड फिशर. या दोन्ही बाजूंचे फारसे जमत नसे. नमुना कसा निवडावा याचे शास्त्र नेमन घडवत होते, तर प्रयोग कसा मांडावा आणि त्यातून निघालेले आकडे कसे फोडावेत याचे शास्त्र फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात राहून उभे केले होते. सुखात्मे यांनी दोन्हीकडचे घेतले. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. ज्या दोन गटांतील चढउतार सारखे नाहीत त्यांच्या सरासरींची तुलना कशी करावी, या अवघड प्रश्नासाठी त्यांनी १९३८ साली कोष्टके तयार केली. पुढे फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात त्यांना स्थान मिळाले.

फिशर यांच्या ज्या रीतीचा वर उल्लेख केला ती समजल्याशिवाय सुखात्म्यांचे पुढचे काम समजत नाही, म्हणून येथे थोडे थांबून ती सांगतो. गणिताला कंटाळणाऱ्या मित्रांनी हा भाग गाळू नये अशी विनंती आहे. बेरीज आणि गुणाकार यांपलीकडे यात काही नाही.

सरासरी हा शब्द आमच्या सीमाभागात दोन्ही भाषांचा आहे. मराठीत सरासरी आणि कन्नडमध्येही सरासरीच. त्यामुळे तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. समजा तीन गावे आहेत आणि प्रत्येक गावातील तीन शेतांत एकरी किती क्विंटल तूर झाली ते आपण मोजले. पहिल्या गावात २, ३, ४. दुसऱ्यात ४, ५, ६. तिसऱ्यात ६, ७, ८. सरासरी अनुक्रमे ३, ५ आणि ७. आता दुसरी तीन गावे घ्या. पहिल्यात ०, ३, ६. दुसऱ्यात २, ५, ८. तिसऱ्यात ४, ७, १०. यांचीही सरासरी ३, ५ आणि ७ च. (हे आकडे मी समजण्यासाठी मनाने घेतले आहेत.) सरकारी तक्त्यात फक्त सरासरी छापली तर दोन्ही ठिकाणची परिस्थिती एकच दिसेल. ती एक आहे काय?

फिशर यांची रीत सांगते की, एकूण चढउताराचे दोन ढीग करा. एक ढीग गावागावांतल्या फरकाचा, दुसरा गावाच्या आतल्या फरकाचा. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घेतली की पहिल्या उदाहरणात गावागावांतला ढीग २४ आणि आतला ६ येतो. दुसऱ्या उदाहरणात गावागावांतला ढीग तेवढाच, २४, पण आतला ५४ येतो. हे ढीग त्यांच्या त्यांच्या डिग्रीज ऑफ फ्रीडमने, म्हणजे येथे २ आणि ६ ने भागले की पहिल्या ठिकाणी १२ ला १ असे गुणोत्तर येते आणि दुसऱ्या ठिकाणी १२ ला ९, म्हणजे जेमतेम १.३३. पाच टक्के पातळीवर कोष्टकातील सीमा ५.१४ आहे. पहिल्या ठिकाणी गुणोत्तर सीमेच्या बरेच वर आहे, म्हणून कोणत्या गावचे शेत यावर उत्पन्न खरोखर अवलंबून आहे असे म्हणता येते. दुसऱ्या ठिकाणी तसे म्हणता येत नाही. तेथे खरा फरक गावागावांत नसून शेताशेतांत आहे. सरासरी एकच, पण निष्कर्ष उलटा. एकाच कारणावरून गट पाडलेले असल्यामुळे या रीतीला एकघटकी म्हणतात.

आज हा हिशेब संगणक क्षणात करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक्सेलमध्ये ॲनोव्हा, सिंगल फॅक्टर असा पर्याय निवडला की सबंध तक्ता समोर येतो. पण क्षणात मिळालेले उत्तर बरोबर असतेच असे नाही, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. आर या मोफत मिळणाऱ्या संगणक-भाषेत मी हीच तीन गावे भरली आणि सोय म्हणून गावांची नावे न लिहिता १, २, ३ असे क्रमांक दिले. उत्तरात गावांसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम २ यायला हवे होते, आले १, आणि गुणोत्तर १२ च्या जागी २८. बराच वेळ काही उमगेना. शेवटी आमच्या सरांनी दाखवले की, संगणकाने माझ्या क्रमांकांना खऱ्या संख्या मानले होते. तिसरे गाव पहिल्याच्या तिप्पट, असे समजून त्याने बिंदूंतून सरळ रेषा ओढली होती. हा रकाना संख्येचा नसून गटाच्या नावाचा आहे, फॅक्टर आहे, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते. तसे सांगताच २ आणि १२ आले. घरांना क्रमांक असतात, म्हणून चार नंबरचे घर दोन नंबरच्या दुप्पट होत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे. पण ती यंत्राला आपण सांगायची असते. गट कशाचे पाडले आणि कोणी पाडले, हे विचारल्याशिवाय तक्ता वाचू नये, हा धडा मला मिळाला. सुखात्म्यांच्या चरित्रात हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला.

लंडनहून परतल्यावर सुखात्मे यांनी कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत काम केले आणि १९४० मध्ये ते दिल्लीस शेतकी संशोधन परिषदेच्या सेवेत आले. आपल्या देशात त्या वेळी धान्य किती पिकते हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पद्धत होती ती आणेवारीची. पटवाऱ्याने शिवारात फिरावे, पीक नजरेने पाहावे आणि सोळा आण्यांपैकी इतके आणे पीक आहे असे लिहावे. आमच्या भागातील वृद्ध माणसे अजूनही यंदा आठ आणे पीक आहे असे म्हणतात, ते त्यातूनच आले. नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो, शिवाय सारा माफ होणे न होणे त्यावर अवलंबून असल्याने त्याला भीडही पडते. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे दगावली. आपल्याकडे धान्य किती आहे हे न कळण्याची किंमत तेव्हा सबंध देशाला दिसली.

सुखात्मे यांनी नजरेच्या जागी विळा आणि तराजू आणला. तालुक्यातील काही गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडायची, प्रत्येक गावातील एकदोन शेते तशीच निवडायची, शेतात एक ठराविक मापाचा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. यालाच आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. निवड माणसाच्या मर्जीवर न सोडणे हे यातील मर्म आहे. गावे किती घ्यावीत आणि प्रत्येक गावात शेते किती, याचे उत्तर वर सांगितलेल्या दोन ढिगांतून मिळते. गावागावांत फरक मोठा आणि गावाच्या आत लहान असेल, तर एका गावात दहा शेते कापण्यात श्रम फुकट जातात. त्याऐवजी जास्त गावे घ्यावीत. आतला फरक मोठा असेल तर एकेका गावात अधिक शेते घेण्यालाही अर्थ येतो. १९४० नंतरच्या दशकात गव्हापासून सुरुवात करून ही पद्धत प्रांतोप्रांती पसरली. तीही नवी फौज न उभारता, महसूल व शेतकी खात्यातील असलेल्या नोकरांकडूनच काम करून घेऊन.

या काळात त्यांचा प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्राचे पितामह, आणि सुखात्मे त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. महालनोबिस बंगालमध्ये अगदी लहान तुकडे घेऊन आणि स्वतः शिकवून तयार केलेली माणसे लावून पाहणी करीत. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, लहान तुकड्यात पीक नेहमी फुगून दिसते. कारण सोपे आहे. सीमेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली म्हणजे कापणारा ते आत धरतो. आपण हिशेब करून पाहू. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ साडेबारा फुटांहून किंचित जास्त आणि क्षेत्रफळही तेवढेच चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट सीमा. उलट ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद तुकडा, म्हणजे एकराचा ८० वा भाग घेतला, तर परिमिती ९९ फूट आणि क्षेत्रफळ साडेपाचशेच्या जवळपास. दर चौरस फुटामागे सीमा एक पंचमांश फुटाहूनही कमी. सीमा जितकी जास्त तितका मोह जास्त. मुरादाबाद जिल्ह्यात वेगवेगळ्या मापांचे तुकडे शेजारी शेजारी कापून त्यांनी हे प्रत्यक्ष दाखवले आणि १९४६-४७ मध्ये परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. अर्थात महालनोबिस यांची बाजूही पोकळ नव्हती. शिकवलेला माणूस असेल तर लहान तुकड्यानेही खर्च वाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण देशाचे काम ज्या साध्या नोकरांकडून होणार होते त्यांच्या हातून चूक कोठे होईल याचा सुखात्म्यांनी आधी विचार केला, हे मला विशेष वाटते.

दिल्लीतील काळात त्यांनी संस्थाही उभ्या केल्या. परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाला त्यांनी संशोधन व प्रशिक्षणाच्या केंद्राचे रूप दिले. त्याच केंद्रातून पुढे भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था वाढली. १९४७ च्या जानेवारीत भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटी स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष झाले आणि तिचा भार सुखात्म्यांनी वाहिला. १९५४ मध्ये त्यांची दोन पुस्तके निघाली. एक नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचे आणि दुसरे डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले. हे दुसरे तेच, ज्याचे नाव मला दादाच्या प्रबंधात सापडले.

मात्र ही पुस्तके निघाली तेव्हा सुखात्मे दिल्लीत नव्हते. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि सुमारे वीस वर्षे रोममध्ये तिच्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. शेते मोजणारा माणूस आता जगाची भूक मोजू लागला. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी या आकड्याला आधार नाही असे दाखवले. पोटभर अन्न न मिळणारे जगात शेकडा १० ते १५ आहेत आणि निकृष्ट आहाराने पीडलेले धरले तर हा आकडा निम्म्यापर्यंत जातो, असा त्यांचा अंदाज होता. १९६३ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना रौप्य गाय पदक दिले. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले.

निवृत्तीनंतर ते पुण्यास परतले आणि महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करू लागले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण येथून सुरू होते, आणि ते टाळून चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९७१ साली पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, असे धरून १९६०-६१ साली खेड्यांतील शेकडा ४० आणि शहरांतील शेकडा ५० लोक गरीब होते असे त्यांनी मांडले. सुखात्म्यांनी यावर आक्षेप घेतला. सरासरी गरज ही सीमारेषा कशी होऊ शकते? सगळे निरोगी, सगळे पोटभर जेवणारे असे गाव घेतले तरी त्यातील निम्मे लोक सरासरीच्या खालीच असणार. त्यांना उपाशी म्हणायचे काय?

आणि येथे तो दोन ढिगांचा तक्ता पुन्हा आला. या वेळी गाव म्हणजे एक माणूस, आणि शेत म्हणजे त्याचा एक आठवडा. ब्रिटिश सैन्यातील शिकाऊ जवानांच्या आहाराच्या नोंदी एडहोल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्या होत्या. सारख्याच वयाच्या, सारखेच काम करणाऱ्या निरोगी माणसांचा आहार या नोंदींत होता. सुखात्म्यांनी त्यातील चढउतार फोडून पाहिला. माणसामाणसांतील फरक मोठा निघेल असे कोणालाही वाटले असते. पण एकाच माणसाच्या या आठवड्यातील आणि त्या आठवड्यातील फरक त्याहून मोठा निघाला. यावरून अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी मांडले की, माणसाची गरज हा दगडावर कोरलेला आकडा नाही. शरीर ठराविक मर्यादेत स्वतःला सावरून घेते, आणि म्हणून सीमारेषा सरासरीवर नव्हे, तर त्या मर्यादेच्या खालच्या टोकाशी असली पाहिजे. असे केले की उपाशी लोकांची संख्या बरीच कमी भरते. मग लोक कृश का? तर खाल्लेले अंगी लागत नाही म्हणून. घाण पाणी, पोटातील जंत, वारंवार होणारी हगवण यांमुळे अन्न वाया जाते. म्हणून केवळ धान्य वाटून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि स्वच्छता हवी, असे ते सांगत राहिले.

त्यांच्यावर कडाडून टीका झाली. दांडेकरांनी लेखाला लेखाने उत्तर दिले. डॉ. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी विचारले की, कमी खाऊन शरीर तगते हे खरे, पण ते वाढ खुंटवून, काम कमी करून तगते; त्याला सावरणे म्हणायचे की सोसणे? सैन्यातील जवान एका आठवड्यात कमी खातो आणि पुढच्यात जास्त, पण गरिबाचा पुढचा आठवडाही मागच्यासारखाच असतो.

हे वाचताना मला माझी आजी आठवत राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. तिचे माहेर निलंग्याकडे. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जाई आणि तेथे मिळणारी सुकडी निम्मी खाऊन निम्मी धाकट्या भावासाठी पदराला बांधून आणी. पुढे लग्न होऊन ती भालकी तालुक्यात आली. आज ती सत्तरीत आहे आणि अजून भल्या पहाटे उठते. मी तिला सुखात्म्यांचे म्हणणे माझ्या परीने समजावून सांगितले आणि विचारले की, आजी, तुझ्या शरीराने तेव्हा सावरून घेतले होते काय? ती म्हणाली की, घेतले असेल बाबा, पण तो भाऊ उंचीने कधी वाढलाच नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या माझ्यापाशी यावर उत्तर नव्हते.

आणखी एक गोष्ट घरचीच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमचे सखल रान चिबडले आणि तुरीचा निम्म्याहून अधिक भाग उभा वाळला. विम्यासाठी गावात पीक कापणी झाली. चिठ्ठीने निघालेल्या शेतात पाच मीटर बाय पाच मीटर असा चौकोन आखताना मी स्वतः दोरी धरली होती. काम चोख झाले. सरासरी बरी निघाली आणि आम्हाला काही मिळाले नाही. वडिलांनी कोणाला दोष दिला नाही, मीही देत नाही. पण आता मला त्याचे नाव सांगता येते. पैसे गावाच्या सरासरीवर ठरतात आणि आमचे नुकसान गावाच्या आतल्या ढिगात होते. वर दिलेल्या दुसऱ्या उदाहरणातील शून्य क्विंटलचे शेत मी का घेतले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मग सुखात्मे बरोबर की त्यांचे टीकाकार? माझ्या अल्पमतीप्रमाणे, आतला ढीग केवढा मोठा आहे हे दाखवण्यात सुखात्मे बरोबर होते. त्यांच्या आधी बहुतेकांनी तिकडे पाहिलेच नव्हते. पण तो ढीग कशाने झाला, शरीराच्या ताकदीने की परिस्थितीच्या नाइलाजाने, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी त्या माणसाजवळ जावे लागते. स्वच्छ पाण्याचा जो आग्रह त्यांनी धरला तो मात्र आमच्या भागातील कोणताही डॉक्टर आज मान्य करील.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात डॉ. सुखात्मे यांचे निधन झाले. पुढे केंद्र सरकारने त्यांच्या नावाने संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो २९ जूनच्या सांख्यिकी दिनाच्या समारंभात दिला गेला आहे, आणि २९ जून हा महालनोबिस यांचा जन्मदिवस. हयातभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याच दिवशी त्यांचे नाव घेतले जावे, याचा त्यांना रागच आला असता असे मला वाटत नाही.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बँकेत, विमा कचेरीत, सहकारी संस्थेत बसतील. रोज आपल्यासमोर तक्ते येतील आणि बटण दाबताच सरासरी मिळेल. त्या वेळी एकदा तरी विचारावे की गट कोणी पाडले आहेत आणि गटाच्या आत काय चालले आहे. दादाचा प्रबंध आता बांधून झाला आहे. त्याची एक प्रत आमच्या घरी आहे आणि पानसे-सुखात्मे ही नावे असलेल्या पानात मी खूण घालून ठेवली आहे. कै. डॉ. सुखात्मे यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.